लाठीचा उपास

पोलीस लाइनीत संसार केला की किस्से लोणच्यासारखे मुरत राहतात. बरणी काही रिकामी होत नाही!

आमचे हे हवालदार. दसऱ्याला शस्त्रपूजेत मी यांच्या लाठीला हळदकुंकू वाहिलं अन् व्रत धरलं: ही लाठी ज्या दिवशी कोणाच्या अंगावर पडेल, त्या रात्री माझा उपास. मनात एकच नवस, कोराडीच्या देवीनं यांचा हात आवरावा, मी नारळ वाहीन.

हे हसले, "तू तर वाळून जाशील वं!"

दिवाळीआधीच किराणेवाला म्हणाला, "वहिनी, नवरात्र संपलं ना? मग एवढा साबुदाणा?"

*

एकदा विचारलं, "आज कोणाले मारलं?"

"दोघांनी सिग्नल तोडला. एकाले दिली."

"अन् दुसऱ्याले?"

"तो चांगल्या घरचा होता."

"कशावरून?"

"गोरा होता ना!"

मी देव्हाऱ्याकडे बोट केलं. "हा काळा, वरून लोणीचोर. सिग्नलवर सापडला तर?"

यांनी कृष्णाला नमस्कार केला. "आधी ठाण्यात नेला असता!"

*

शेजारच्या क्वार्टरमधली रंजना चहाला आली होती. तिचा नवराही पोलिसातच.

"भाऊजी, आमचे हे बी तुमच्यासारखेच सावळे. वर्दी काढून बाजारात गेले तर मी काय करू? गळ्यात पाटी बांधू?"

"पोलीस पोलिसाले ओळखते ना, वहिनी!" हे म्हणाले.

*

एक दिवस हे नाचतच घरी आले. "आज लाठी उचलली, पण मारली नाही! जेव!"

आफ्रिकेतून शिकायला आलेल्या एका पोरानं रस्त्यात यांना हात केला होता. यांनी लाठी उगारली, तसा तो ओरडला, "काका, पत्ता विचारून राहिलो!"

"मराठी बोलला, म्हणून सोडलं!"

"अन् नसता बोलला तर?"

यांनी भाजी वाढून मागितली.

*

परवाच्या रविवारी हे सिव्हिल ड्रेसमध्ये कोराडीला गेले, माझ्या नवसाचा नारळ देवीला वाहायला. संध्याकाळी लंगडत परतले. शर्ट पाठीला चिकटलेला.

मी हळद-तेल लावत विचारलं, "पडले का गाडीवरून?"

"नाकाबंदी होती. नवा शिपाई होता."

"हवालदार आहो, म्हणून सांगायचं ना!"

"सांगितलं. म्हणे, सगळेच सांगतात."

"अन् बाकीच्या गाड्या?"

"पुढच्या गाडीले जाऊ दिलं."

"चांगल्या घरचा होता?"



यांची लाठी दिवसभर खुंटीलाच होती. तरी मी ताट एकच वाढलं, यांचं.

यांनी ते माझ्याकडे सरकवलं.

"तू जेव वं. आज माझा उपास."