गजूभाऊंचा होकार

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. माझं कामच असं आहे की काही बिघडलं की आधी लॉग उघडायचा, आणि मग तोंड उघडायचं. म्हणून हे लिहायला वर्ष गेलं. ज्यांना हसायचं आहे त्यांनी हसावं. मी कॉमेंटमध्ये वाद घालणार नाही.

मी अमरावतीत एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत रिलीज कोऑर्डिनेटर आहे. राजापेठेच्या बाजूला, चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. प्रोग्रॅम लिहिणारे दुसरे. तो नवीन प्रोग्रॅम चालू यंत्रणेवर कधी चढवायचा, किती मिनिटं काम बंद राहील, काय फसू शकतं आणि फसलं तर जुन्यावर परत कसं यायचं — एवढंच मी बघते. कंटाळवाणं काम आहे. कंटाळवाणं राहिलं तरच ते नीट झालं असं समजायचं.

आमचं एक गिऱ्हाईक अकोटच्या अलीकडे, अकोला रोडवर होतं. केळी पिकवायचं युनिट. आसपासच्या बागायतदार कुटुंबांनी मिळून उभं केलेलं. सहा रायपनिंग चेंबर, म्हणजे फोम भरलेल्या जाड भिंतींच्या, हवाबंद, थंड खोल्या. पंखे, तापमान, गॅस, सगळं आमच्या सॉफ्टवेअरवर चालायचं. कच्ची केळी बंद खोलीत पिकताना कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात, म्हणून ठरावीक वेळाने हवा बाहेर काढावी लागते. पंखा आणि एक्झॉस्ट बंद असताना आत माणूस असता कामा नये. ही गोष्ट माझ्या प्लॅनच्या पहिल्याच ओळीत होती.

तिथले सुपरवायझर गजूभाऊ. पन्नाशीचे, बारीक, कायम गळ्यात टॉवेल. सुरुवातीला ते आमच्यावर उखडूनच असायचे. "ताई, केळीले हात लावून समजते. तुमी तथी अमरावतीत बसून काय पाहून राहिल्या?" पण प्लॅन लिहिताना सगळ्यात जास्त मदत त्यांनीच केली. तीन नंबरचं दार आतून उघडायचा दांडा अडकतो, हेही त्यांनीच सांगितलं. मी ते धोक्यांच्या यादीत टाकलं. आमचे पुण्याचे प्रणव सर म्हणाले, "हा सॉफ्टवेअरचा विषय नाही," आणि त्यांनी ती ओळ काढून टाकली. मी दोनदा परत टाकली, त्यांनी दोनदा काढली. तिसऱ्यांदा मी टाकली नाही. याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

रिलीजची वेळ दुपारी एक ते अडीच. सकाळचा माल निघून गेलेला असतो आणि पुढची गाडी अडीचनंतर लागते. एका वेळी एकच चेंबर. प्रत्येक चेंबरआधी साइटवरून गजूभाऊंनी सांगायचं — आत कोणी नाही, दार बंद. मग केतन, आमचा प्रोग्रॅमर, पंखा थांबवून नवीन व्हर्जन चढवणार. पंखा सुरू करण्याआधी पुन्हा गजूभाऊंचा होकार घ्यायचा. आणि एक नियम मी ठळक लिहिला होता: कुठल्याही चेंबरचा पंखा पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बंद राहिला, तर कोणालाही न विचारता जुन्यावर परत जाऊन पंखा सुरू करायचा.

त्या दिवशी एकला दहा मिनिटं असताना आम्ही कॉन्फरन्स कॉल लावला. मी आणि केतन एका टेबलावर, प्रणव सर पुण्याहून, गजूभाऊ साइटच्या पॅनल रूममधून.

"जी ताई," गजूभाऊ म्हणाले, "लोकं जेवाले पाठवले गेटावर. तुमी सांगजा कवा सुरू करता ते."

"एक वाजता, भाऊ. तुम्ही पॅनल रूममध्येच थांबा."

"हो जी."

एक वाजता मी एकेकाचा होकार घेतला. केतन हो. प्रणव सर हो. साइट?

"हो. आत कोणी नाही."

गजूभाऊंचाच आवाज. जरा खालचा, सर्दी झाल्यासारखा. एक नंबर नऊ मिनिटांत झाला. तापमान विचारलं तर आवाज म्हणाला, "सतरा." दोन नंबरही झाला. पुन्हा विचारलं. "साडेसोळा." दोन्ही आकडे बरोबर होते, नंतर लॉगशी ताडून पाहिले.

मला तेव्हाच काहीतरी खुपत होतं, पण नेमकं काय ते कळत नव्हतं. आता कळतं. "ताई" आणि "जी" यांच्याशिवाय गजूभाऊंचं एक वाक्य होत नसे. हा आवाज फक्त विचारलं तेवढंच सांगत होता. मी मात्र खूश होते. सगळं वेळेच्या आधी चाललं होतं.

"तीन नंबर. आत कोणी नाही ना, भाऊ?"

"आत कोणी नाही. दार बंद आहे. करा."

एक बावीसला केतनने तीनचा पंखा थांबवला. दहा मिनिटांत नवीन व्हर्जन चढलं. मी म्हटलं, "भाऊ, पंखा सुरू करतोय."

"थांबा."

"काय झालं?"

"एक्झॉस्टचा पट्टा पाहून राहिलो. पंखा चालू करू नका. दहा मिनिटं द्या, मॅडम."

मॅडम... गजूभाऊंनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. दोन वर्षांत एकदाही नाही. शिवाय एक्झॉस्टचा पट्टा चेंबरच्या मागे असतो आणि हे पॅनल रूममधून बोलत होते. मी घड्याळाकडे पाहिलं. बारा मिनिटं झाली होती.

"दहा मिनिटं देता येणार नाहीत," मी म्हटलं. "पंधराला मी मागे घेईन."

"साइट मागतेय तर देऊ या ना," प्रणव सर म्हणाले. "जुन्यावर परत गेलो तर आजची वेळ गेली. क्लायंटला मी काय सांगू?"

"सर, नियम आहे."

"नियम तूच लिहिलास ना? मग तूच बदल!"

मी माइक बंद केला आणि माझ्या दुसऱ्या फोनवरून मंगलाताईंना लावला. मंगलाताई गजूभाऊंच्या पत्नी, त्याच युनिटमध्ये पॅकिंगला. प्लॅनमध्ये साइटचा दुसरा नंबर असलाच पाहिजे असा माझा हट्ट होता, तो नंबर त्यांचा होता.

"ताई, गजूभाऊ कुठे आहेत?"

"थे तं आतमंदीच हायेत. जेवाले आलेच नाही अजून. काहून जी?"

"जरा पॅनल रूममध्ये जाऊन बघता? फोन चालूच ठेवा."

चपला वाजल्या. दार करकरलं. मग त्या म्हणाल्या, "अथी कोनीच नाही, ताई. यांचा फोन पडला हाये टेबलावर. चालू हाये, तुमचं नाव दिसून राहिलं त्याच्यावर."

आणि त्याच क्षणी माझ्या हेडफोनमध्ये, त्याच टेबलावरच्या फोनवरून, आवाज आला — "राहू दे. अजून राहू दे."

माझ्या एका कानात ती रिकामी खोली होती. दुसऱ्या कानात त्याच खोलीतून कोणीतरी बोलत होतं.

"मंगलाताई, आत्ता तिथं कोणी बोललं का?"

"नाही जी. कोन बोलन? मी एकलीच तं हावो."

चौदा मिनिटं झाली होती. मी केतनकडे वळून ओरडले, "मागे घे! आत्ता!"

आमचा माइक बंद होता. हे मी शपथेवर सांगते, केतनने नंतर रेकॉर्ड तपासला. आमचं बोलणं कॉलवर जातच नव्हतं. तरीही हेडफोनमध्ये तो आवाज फाटला —

"नाही म्हनलं ना तुले! आयकू येत नाही काय वं तुले? बंद राहू दे!"

केतनचा हात एक क्षण थांबला. मी त्याच्या हातावर हात आपटून बटण दाबलं.

"हा माणूस असा बोलतो तुमच्याशी?" प्रणव सर विचारत होते. मी हेडफोन काढून फेकला आणि मंगलाताईंना ओरडून सांगितलं, "तीन नंबर उघडा! माणसं बोलवा, तीन नंबर उघडा!"

गजूभाऊ दाराला लागून पडलेले सापडले. बोटांची नखं फुटली होती, दांडा ओढून ओढून. शुद्ध नव्हती. पंखा आणि एक्झॉस्ट तेव्हा सुरू होऊन दोनेक मिनिटं झाली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी दहा मिनिटं तशीच गेली असती तर माणूस हाती लागला नसता.

दहा मिनिटं. तो आवाज नेमकी तेवढीच मागत होता.

पुढचं मी जेवढं तपासता आलं तेवढंच सांगते. युनिटमधल्या कॅमेऱ्यात दिसतं की एकला सहा मिनिटं असताना गजूभाऊ फोन टेबलावर ठेवून तीन नंबरमध्ये गेले. एक क्रेट कलंडला होता, तो सरळ करायला. दोन मिनिटांनी दार हळूहळू सरकत बंद झालं. त्या दाराच्या रुळाला थोडा उतार आहे, ते आपोआप सरकू शकतं, हे मी मान्य करते. पण त्यानंतर मंगलाताई येईपर्यंत पॅनल रूममध्ये कोणीही आलेलं नाही. टेबलावर फोन आहे. मध्येच त्याची स्क्रीन उजळते, विझते. बस.

आणि कॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज आहे. स्वच्छ. "आत कोणी नाही. दार बंद आहे. करा."

कंपनीने चौकशी केली. म्हणजे प्रणव सरांनी केली. त्यांचं मत एकच — साइटने होकार दिला होता, रेकॉर्डिंग आहे, आपली चूक नाही. गजूभाऊच कुठून तरी दुसऱ्या फोनवरून बोलले असतील, नंतर आत गेले असतील. वेळा जुळत नाहीत म्हटलं तर म्हणाले, "कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं असेल." युनिटच्या मालकांनाही तेच सोयीचं होतं. गजूभाऊंना कामावरून कमी केलं. बेजबाबदार म्हणून.

रिपोर्टमध्ये "होकार देणारी व्यक्ती" असा एक रकाना असतो. मी लिहिलं, "माहीत नाही." तो परत आला. पुन्हा तेच लिहिलं. या वेळी मी तिसऱ्यांदाही लिहिलं. शेवटी सरांनी माझी सही न घेताच तो रिपोर्ट पाठवला, आणि त्या दिवसापासून ऑफिसात माझ्याशी कोणी धड बोलत नाही. केतन तेवढा बोलतो. त्यानेही हेडफोन बदलला.

दोन महिन्यांनी मी दर्यापूरवरून एस.टी.ने अकोटला गेले. गजूभाऊंचं घर गावाबाहेर, मागे झेंडूचा मळा. मंगलाताईंनी रेकॉर्डिंग ऐकवायला सांगितलं. मी नको म्हटलं, पण त्या ऐकेनात. दोनच वाक्यं ऐकली आणि त्यांनी माझ्या हातातून फोन घेऊन पालथा ठेवला.

"आवाज यांचाच हाये," त्या म्हणाल्या. "पन हे थे नाहीत. तीस वर्सं झाले मले आयकून. हे थे नाहीत."

त्या चहा ठेवायला आत गेल्या. गजूभाऊ इतका वेळ झेंडूची फुलं तोडून टोपल्यात टाकत होते, माझ्याकडे बघत नव्हते. मग हळूच म्हणाले, "ताई, एक गोष्ट म्या कोनाले सांगतली नाही. हिलेबी नाही."

"सांगा ना भाऊ."

"आत गॅस चढून राहिला होता. मी दार ठोकून राहिलो होतो, ओरडून राहिलो होतो, की मी आत हावो, मी आत हावो. अन् दाराच्या पलीकडून कोनीतरी बोललं. अगदी दाराले तोंड लावून. माह्याच आवाजात."

"काय बोललं?"

"म्हने, चूप बस. बाई आयकून राहिली."

मी ते सगळं रेकॉर्डिंग किती वेळा ऐकलं ते आता मोजत नाही. हे वाक्य त्यात कुठेच नाही. कॅमेऱ्यात तीन नंबरच्या दारासमोर पूर्ण वेळ रिकामा कॉरिडॉर आहे. आवाज माणसाचा होता की आणखी कशाचा, त्याला गजूभाऊंशी काय वैर होतं, की माझ्याशी होतं... मला सांगता येत नाही. ज्या दिवशी सांगता येईल, त्या दिवशी त्या रकान्यात लिहीन. सध्या तिथं जे आहे तेच आहे — माहीत नाही.