चाळीस म्हणजे ताप न्हाय

सोलापूर स्टेशनवर उतरले तेव्हा पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता. मथळा मीच लिहिलेला: ‘शेडमध्ये त्रेचाळीस अंश! दुपारची पाळी बंद करा!’ पाणीही न पिता पूर्व भागातली यंत्रमागांची शेड गाठली. आत पंखा नव्हता. वाऱ्याने सूत तुटते म्हणे. एका कामगाराने पत्रक वाचले आणि तो त्या पत्रकानेच वारा घेऊ लागला.

“त्रेचाळीस व्हय? ताई, आमच्याकडं त्याला थंडी म्हणतेत!”

सगळे हसले. मी धुमसत बाहेर पडले.

मुक्काम ओळखीच्या नरसय्याकाकांकडे होता. ते माग चालवतात. त्यांची बायको राजव्वा त्याच शेडमध्ये कांड्या भरते (धोट्यातल्या नळ्यांवर सूत गुंडाळते). संध्याकाळी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे आली, पण राजव्वा भिंतीला टेकून बसलेली. अंग कोरडे, बोलणे अडखळते.

“जरम (ताप) बघतो,” म्हणत काकांनी नवा थर्मामीटर तिच्या काखेत लावला. आकडा वाचून ते निवांत झाले. “चाळीस! ताप शंभराच्या पुढं असतोय. ही तर गार पडलीया.” आणि त्यांनी घडीची जाड चादर तिच्या अंगावर घातली.

मी भाकरी टाकून उठले. “काका, हे माप वेगळं आहे, सेल्सिअसचं!” चाळिसाची दुप्पट ऐंशी, त्यातून आठ वजा, बहात्तर, अधिक बत्तीस. “एकशे चार ताप आहे!”

काकांनी चादर ओढून फेकली. “नीळ्ळु (पाणी) आणा!” ते गल्लीकडे ओरडले. ओले टॉवेल गुंडाळून, रिक्षातून आम्ही तिला दवाखान्यात नेले. सलाईन लागले.

सकाळी तिने मला निरखले. “तूच का ती त्रेचाळीसवाली?”

“हो, मावशी.”

“आमच्या तापात किती हुतंय ते?”

“एकशे नऊच्या वर. पण हवेचं वेगळं, अंगाचं वेगळं.”

“अंग त्याच हवेत असतंय की,” ती म्हणाली. “तसं लिव्ह.”

प्रत्येक पत्रकावर पेनाने लिहिले: ‘तापाच्या मापात एकशे नऊ.’ शेडच्या दारात काकांनी ते मोठ्याने वाचले. कालचा तो वारा घेणारा हसला नाही. त्याने पत्रक घडी करून खिशात ठेवले आणि विचारले, “राजव्वा कशी हाय?” तेवढ्यात भोंगा झाला, आणि सगळे आत गेले.

परतीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली, डोक्यावर पंखाही होता. आकडा समजला, एवढ्याने पाळी बंद होत नाही. पण मोहोळ स्टेशन मागे पडले तरी मी तिथे न बसता दारातच उभी होते. शेडमध्ये आता दुपारची पाळी सुरू झाली असेल.