हुकुमाचा एकटा राजा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला ब्रिजमधलं काही कळत नाही, असं कारण मी स्वतःला देत आलो — पण खोटेपणा कळायला ब्रिज यावं लागतं का?

आणीबाणीच्या आधीची एक-दोन वर्षं. परभणीत माझा दवाखाना होता, आणि संध्याकाळी क्लबात ब्रिज. क्लब म्हणजे निजामाच्या काळातल्या वेताच्या खुर्च्या, आणि त्यांत टेकलं की आपणही थोडे निजाम झालो असं वाटणारे आम्ही काही जण. डाव संपला की पत्ते उघडे मांडून चर्चा व्हायची. कुणी काय खेळायला हवं होतं, का खेळला नाही — खरी गोडी त्यातच. टेबलावर हरलेला माणूस चर्चेत जिंकून घरी जाऊ शकत असे.

आमच्यातले एक वकीलसाहेब विडा खायचे. पिकदाणीकडे वाकले की त्यांच्या हातातले पत्ते शेजाऱ्याकडे वळायचे. अशा वेळी बाकीच्यांनी छताच्या पंख्याकडे बघायचं, असा रिवाज होता. सगळे पाळायचे. मीही पाळायचो — बहुतेक वेळा.

क्लबच्या स्पर्धेतला शेवटचा डाव. इस्पिक हुकूम, खेळणारा मी. समोर माझ्या जोडीदाराचे पत्ते टेबलावर उघडे. त्यांत हुकुमाचा एक्का आणि राणी. आमच्या दोघांकडे मिळून हुकुमाची दहा पानं. बाहेर तीनच, आणि त्यांत राजा. कुठलंही पुस्तक सांगेल की इथं राणी लावायची. राजा डावीकडे असेल तर तो अडकतो. पण उजवीकडचे वकीलसाहेब वाकले, आणि मी पंख्याकडे पाहिलं नाही. त्यांच्याकडे हुकुमाचं एकच पान होतं. राजा.

मी थोडा वेळ कपाळाला आठ्या घालून बसलो — तेवढं नाटक करावंच लागतं — आणि एक्का लावला. राजा पडला.

“कमाल है, डॉक्टर!” वकीलसाहेब म्हणाले. “हे तुमाला दिसलं कसं?”

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. सगळ्यांनाच. मग मी एक नियम रचला, तिथल्या तिथे, चहा यायच्या आत. पहिला हात जिंकल्यावर वकीलसाहेबांनी परतीचं पान भीत भीत, सावध खेळलं. हुकुमाचा एकटा राजा जपणारा माणूस असाच भित्रा होतो, असं मी सांगितलं. ऐकायला किती छान! लोकांनी माना डोलावल्या. महिनाभरात तो ‘डॉक्टरांचा नियम’ झाला. मीही तो नवख्यांना गंभीर चेहऱ्यानं शिकवू लागलो.

त्या नवख्यांत वाघमारे होते. मूळचे झरीचे, शेतकी कॉलेजात शिकवायचे. बौद्ध समाजातले, क्लबात खेळायला आलेले पहिलेच. त्यांचं नाव मीच सुचवलं होतं, आणि आपल्या उदारपणावर बरेच दिवस खूश होतो. ते झटपट शिकले. पुढच्या वर्षी नांदेडच्या स्पर्धेत मी त्यांना जोडीदार म्हणून नेलं. वकीलसाहेबांना ती जागा हवी होती.

आणि नांदेडला, शेवटच्या फेरीत, तसाच डाव आला. या वेळी खेळणारे वाघमारे, आणि एक्का-राणी असलेले उघडे पत्ते माझे. पत्ते उघडे टाकलेल्यानं तोंड उघडायचं नसतं. त्यांचा हात राणीकडे गेला. थांबला. उजवीकडच्या गड्यानं मघाशी परतीचं पान सावध खेळलं होतं ना? त्यांनी माझ्याकडे पाहिलं — धडा आठवलेल्या विद्यार्थ्यासारखं, थोडं हसून — आणि एक्का उचलला.

राजा डावीकडे होता. एका हातानं डाव गेला, स्पर्धा गेली.

परभणीला आल्यावर पत्ते मांडले गेले. वाघमारे म्हणाले, “हिशोबानं राणीच होती. पण डॉक्टरसाहेबांचा नियम...” सगळे माझ्याकडे वळले. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “नियम असा आंधळेपणानं लावायचा नसतो.”

“शिकवून येत नसतंय हे, डॉक्टर,” वकीलसाहेब म्हणाले. “रक्तातच असावं लागतंय.”

कुणीतरी हसलं. कुणीतरी कशाला म्हणू? मी हसलो.

पुढच्या रविवारी वाघमारे माझ्या घरी आले. तक्रार नव्हती, राग नव्हता. त्यांना फक्त आपलं नेमकं चुकलं कुठं ते समजून घ्यायचं होतं. आम्ही दोघंच होतो. ऐकायला तिसरं कुणी नाही. यापेक्षा सोपी वेळ कुठली असते? मी पत्ते मागवले, डाव पुन्हा मांडला आणि त्यांना त्यांची चूक शोधून दिली: तो उजवीकडचा गडी मुळातच सावध खेळणारा, त्याच्या बाबतीत नियम लागूच होत नाही. अर्धा तास समजावलं. चांगलं समजावलं.

“म्हंजे समजण्यात मीच कमी पडलो,” ते म्हणाले. “लय वाईट वाटलं होतं, सर. आता निदान कळलं तरी.”

मी म्हणालो, होतं असं.

ते क्लबात परत आले नाहीत. त्यांची जागा वकीलसाहेबांना मिळाली, आणि मी ती आनंदानं दिली.