वीट लावलेलं स्टूल

गल्लीतल्या निम्म्या दुकानांची तोंडं पेंटरकाकांनी रंगवलेली. पाट्यांचा धंदा कॉम्प्युटरवर गेला तेव्हा त्यांनी पन्नाशी उलटल्यावर माउस हातात धरला आणि स्वतःला लोगो डिझायनर म्हणवू लागले. लोक पेंटरच म्हणत राहिले. स्वतःचा ब्रँड तेवढा त्यांना बदलता आला नाही.

त्यांची एक परीक्षा असे. पाटी लागून थोडे दिवस झाले की ते दुकानासमोर उभे राहत, येणाऱ्याजाणाऱ्याला दुकानाकडे पाठ करायला लावत आणि हातात कागद-पेन्सिल देत. "मागच्या दुकानाची खूण काढा. आठवेल तशी." जे कागदावर उतरे तो लोगो, बाकी मालकाची हौस.

किल्लीवाला गेला आणि त्याची मुलगी काकांकडे आली. बाप जन्मभर दाराबाहेर स्टुलावर बसून किल्ल्या घासत असे. स्टुलाचा एक पाय आखूड, त्याखाली वीट. पाटी नव्हतीच. मुलीने स्टूल भंगारात दिलं, आत काचेचं काउंटर केलं आणि बोटाच्या ठशाने उघडणारी कुलुपं मांडली. भाऊ म्हणाला होता, "वर्षभर बघ. नाही चाललं तर जागा माझ्या गोडाऊनला."

"काका, बाबांचं काही नको," ती म्हणाली. "अनोळखी माणसाने घराची किल्ली माझ्या हातात द्यावी, असं काढा."

"म्हणजे विश्वास काढायचा. रंग कोणता देऊ?"

निळा दिला. कुलपाच्या भोकातून उघडणारं दार. पाटीवर, कार्डावर, पिशवीवर, सगळीकडे एकच. काम देखणं होतं. गिऱ्हाईक मात्र दाराशी येऊन पुढे जाई. भाऊ एकदा मापाची टेप घेऊन आला.

काकांनी परीक्षा घेतली. निवृत्त मास्तरीणबाईंनी स्टूल काढलं.

"बाई, ते भंगारात गेलं."

"गेलं असेल. पेन्सिल तिकडेच गेली, मी काय करू?"

जुन्या माणसांचं ठीक होतं. पण वरच्या मजल्यावर नुकतीच राहायला आलेली नर्सही स्टूलच काढू लागली. खाली वीटसुद्धा.

"किल्लीवाल्यांना ओळखत होता?"

"कोण किल्लीवाले?"

"मग ही वीट?"

"हलत होतं ना ते," ती म्हणाली, आणि मग तिचा चेहरा उतरला. "नाही का?"

काका बराच वेळ समोरच्या फुटपाथवर उभे राहिले. दारापाशी आलेला प्रत्येक माणूस जरा बाजूला होऊन जात होता. तिथे काहीच नव्हतं. मग ते स्वतः दुकानात शिरले. तेही बाजूनेच.

"पोरी, तुझी पाटी आधीच लागलेली आहे. स्टूलच लोगो म्हणून घे."

"म्हणजे मेल्यावरही दुकान त्यांचंच!"

"दुकान तुझं. ओळख त्यांची, ती वापर. नाहीतर टेपवाला आहेच."

तिने काउंटरची काच पुसली. मग म्हणाली, "रिकामं काढा. वर कुणी बसलेलं नको."

काकांनी रिकामं काढलं. चार रेघा, एक आखूड, खाली वीट. निळी दारं उतरली, स्टूल चढलं, आणि लोक आत येऊ लागले. घराच्या किल्ल्या काउंटरवर ठेवून खुशाल बाजारात जाऊ लागले. वर्ष सरलं, भाऊ टेप विसरला.

सवयीने काकांनी पुन्हा परीक्षा घेतली. नर्सने स्टूल काढलं, वीट काढली, आणि वर बसलेली एक बाई. खांद्यावरून पुढे आलेली वेणी, हातात कानस.

"मी रिकामं काढलं होतं," काका म्हणाले.

"असं कसं? रोज संध्याकाळी बसते की ती."

मुलगी काउंटर सोडून कधी बाहेर बसली नव्हती. काकांनी कागद तिच्यापुढे ठेवला. तिने आधी चित्रातली वेणी पाहिली, मग स्वतःची चाचपली.

"आता दुकान तुझं झालं," काका म्हणाले.

तिने कागद खणात टाकला, शटरची सळई घेतली आणि बाहेर निघाली. दाराशी नेहमीप्रमाणे बाजूला व्हायला गेली आणि थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "सरक गं जरा."