लाल कण

पिंपरीतल्या आमच्या इंजेक्शनच्या कारखान्यात स्पिरिटचा वास इतका मुरलेला असे, की घरी भाकरी थापतानाही तो माझ्या बोटांतून दरवळे. सत्तरचं दशक सरत आलं होतं. कंपनी कर्जात गळ्यापर्यंत बुडाली होती आणि आमचे पगार थकले होते. तरी औषधाला मागणी होती, म्हणून मुंबईचे एक शेठ कंपनी विकत घ्यावी का हे ठरवायला येणार होते. त्यांनी घेतली तरच माझी चूल पेटणार होती. नवरा गेल्यापासून सासूला आणि मला याच नोकरीने जगवलं होतं.

मॅनेजरांनी शेठना ओवाळायचा घाट घातला. औषध भरण्याच्या खोलीत एरवी फूल, बांगडी, कुंकू यांना मज्जाव. त्या दिवशी तिच्या दारातच तबक सजलं. औषध भरणाऱ्या पाच सवाष्णी निवडल्या.

"तू आतच थांब गं," त्यांच्यातली थोरली मला म्हणाली. दिघीच्या बसमध्ये ती रोज माझ्यासाठी जागा धरी, माझ्या डब्यातली चटणी मिटक्या मारत खाई. "शुभाचं काम हाय. वाईट वाटून घेऊ नगंस."

मी माझ्या काळ्या पाटीसमोर जाऊन बसले. दिव्याच्या उजेडात एकेक काचेची कुपी फिरवायची आणि आत कण तरंगताना दिसला की ती बाजूला काढायची, हे माझं काम. बाहेरून हशा आला, जळत्या तुपाचा वास आला. मग मॅनेजरांनी घाई केली, "चला, शेठना यंत्र चालू दिसलं पाहिजे!" आणि पाचही जणी हात न धुताच भरायला बसल्या.

शेठ माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले, त्या क्षणी माझ्या हातातल्या कुपीत एक लाल कण संथपणे गिरक्या घेत होता. सवयीने मी ती बाजूला ठेवली. शेठनी ती उचलून उजेडात धरली.

"हे काय?"

"कुंकू दिसतंय, साहेब," मॅनेजर म्हणाले. "या बाईंचा निष्काळजीपणा. आजच काढून टाकतो."

मी वळले आणि कपाळावरची टोपी वर सरकवली.

शेठनी माझं कोरं कपाळ पाहिलं. मग मॅनेजरांना म्हणाले, "कर्जाचं मी बघून घेतलं असतं. पण औषधाच्या दारात कुंकू उधळता, आणि नाव हिचं घेता?"

चहा न घेताच ते गेले. पुन्हा आले नाहीत. दुसरं कोणीही आलं नाही. फाटकाला कुलूप लागलं, तेव्हा थोरली सगळ्यांसमोर मला म्हणाली, "टोपी सरकवलीस आन् कंपनी घालवलीस! पांढऱ्या पायाची, म्हनून तर ओवाळनीपास्नं लांब ठिवली व्हती तुला."

कोणी तिला अडवलं नाही. मॅनेजरांनी तर मान डोलावली.

परतीच्या बसमध्ये ती नेहमीच्या बाकावर बसली होती. शेजारच्या जागेवर तिने आपला डबा ठेवला होता. तो रिकामा होता, हलका होता. पण दिघी येईपर्यंत तिने तो मांडीवर घेतला नाही. मी दांडी धरून उभी राहिले.