दाजींच्या हातचा चहा

सकाळी मी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होतो तेव्हा ताईचा फोन आला. "अरे, आज चहाच झाला नाही रे... हे उठलेच नाहीत," एवढंच ती म्हणाली. मी समजायचं ते समजलो. तरीही, खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा मनात आलं की नवरा गेला आणि ही चहाचं काय सांगते? स्वभावाला औषध नाही. अंबडच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी तपासणी विभागात गेली. समोर आलेला प्रत्येक भाग सदोष आहे असं धरूनच हातात घ्यायचा, हे आमचं काम. निवृत्त झालो तरी ती सवय सुटली नाही. माणसंही मी तशीच हातात घेतो. आणि ज्या माणसावर मी सगळ्यांत जास्त संशय घेतला, तो माणूस त्या सकाळी शरणपूर रोडवरच्या आपल्या घरात झोपेतच गेला होता.

दाजी म्हणजे ताईचे यजमान, भास्कर सर. वाचकांपैकी काहीजण त्यांच्या हाताखाली भूगोल शिकले असतील. ते पिढीजात ख्रिस्ती आणि आम्ही मखमलाबादचे, फुलशेती करणारे. वडील पहाटे झेंडू-शेवंतीच्या पाट्या घेऊन पंचवटीत जायचे. ताईची आणि त्यांची ओळख डी.एड. करताना झाली, लग्न कोर्टात झालं, पुढे ताईने बाप्तिस्मा घेतला. वडील म्हणाले, "पोरगी गेली ती गेली. आता त्यांच्या घरचं पाणी बी नाय प्यायचं." आम्ही भावंडं चोरून जात राहिलो. पण मीसुद्धा जायचो तो निम्मा बहिणीच्या मायेने आणि निम्मा पाळतीवर. या माणसाने हिला काय सांगून वळवलं, ते मला शोधून काढायचं होतं.

दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या घरी मंडळी जमायची. पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक भाग वाचायचा आणि दाजींनी त्यावर बोलायचं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचो, नावाला ताईला भेटायला आलेला. मला वाटलं होतं हा माणूस चमत्कारांची जाहिरात करेल. पण हे गृहस्थ खडू घेऊन फळ्यावर नकाशा काढायचे! मोशेपुढे तांबडा समुद्र दुभंगला तो कसा? तर लव्हाळ्यांचं उथळ पाणी, त्यावर रात्रभर पूर्वेचा जोराचा वारा. रानात आकाशातून पडले ते लावे पक्षी? ते दरवर्षी समुद्र ओलांडून येतात, दमून जमिनीवर पडतात, हाताने धरावेत असे. गालीलचं वादळ येशूच्या एका शब्दाने शमलं? ते सरोवर खोलगट जागेत, चहूकडे डोंगर, वारा येतो तसाच पडतो. "गंगापूर धरणावर जा वैशाखात, बघा," असं म्हणायचे. म्हाताऱ्या बायका अस्वस्थ व्हायच्या. चर्चचे पाळकसाहेब घसा खाकरायचे. आणि मग दाजी खडू खाली ठेवून, हात झटकून म्हणायचे, "वारा कुठून आला ते मी सांगितलं. नेमका त्याच वेळेला का आला, ते आता तुम्ही सांगा."

मला हे अजिबात पटायचं नाही. दोन दगडांवर पाय! वारा म्हणायचं असेल तर वारा म्हणा, देव म्हणायचं असेल तर देव म्हणा. मी एकदा तसं तोंडावर बोललो. दाजी हसले. मला ते नेहमी 'इन्स्पेक्टर' म्हणायचे. "इन्स्पेक्टर, कारखान्यात माल पास करताना तुम्ही एकच माप लावता का?" मी म्हणालो, "मापं अनेक असतात, पण सगळ्यांत बसला तरच पास." "मग मला अजून तपासताय, असं समजा," ते म्हणाले आणि आत चहा टाकायला गेले.

ताईला तिशीनंतर फिट येऊ लागल्या. पहिली आली ती शाळेत, वर्गावर असताना. नंतर एकदा रस्त्यात आली आणि एकदा स्टोव्हजवळ. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि मला अजून आठवतं, दोनदा बजावलं, "गोळी एकाएकी बंद करायची नाही, महागात पडेल." गोळ्यांनी फरक पडत होता. पण त्याच सुमारास शहरात एक आरोग्यदान सभा झाली. मोठा मंडप, बाहेरून आलेले प्रवचनकार, स्टेजवर कुबड्या टाकून चालणारी माणसं. मी गेलो नाही, गेलो असतो तर भांडून आलो असतो. ताईच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. ती घरी आली आणि गोळ्यांची अख्खी बाटली संडासात ओतून मोकळी झाली. "प्रभूनं मला बरं केलं," ती म्हणाली. "आता गोळी घेणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं."

मी तावातावाने दाजींकडे गेलो. म्हटलं, तुम्ही शिकलेले, तुम्ही हिला समजवा, नाही तर मी उचलून दवाखान्यात नेतो. दाजींचा चेहरा उतरलेला होता. "समजावलं. ऐकत नाही," ते म्हणाले. "थोडे दिवस थांब." मी थांबलो, जीव मुठीत धरून. आणि फिट आली नाही. त्या महिन्यात नाही, त्या वर्षात नाही. पुढे कधीच नाही.

तेव्हापासून दरवर्षी उपकारस्तुतीच्या उपासनेत ताई चर्चमध्ये उभी राहून देवाने आपल्याला बरं केल्याची साक्ष द्यायची, लोक 'आमेन' म्हणायचे आणि दाजी मान खाली घालून बसायचे. मोशेच्या चमत्काराला वारा शोधणारा माणूस बायकोच्या चमत्काराला एक शब्द बोलत नव्हता! एकदा मी त्यांना चर्चबाहेर गाठलं. "दाजी, तुमचा पूर्वेचा वारा आता कुठे गेला?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "चहा घेतोस?"

हा चहा मला पहिल्यापासून खटकायचा. सकाळ-संध्याकाळ ताईचा चहा दाजीच करायचे. त्या वेळी स्वयंपाकघरात दुसऱ्या कोणी पाऊल टाकायचं नाही. छोट्या पितळी खलबत्त्यात वेलदोडे कुटल्याचा टकटक आवाज यायचा आणि मग ते ट्रे घेऊन बाहेर यायचे. ताईचा कप वेगळा, दांडा पिवळा. एकदा त्यांच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं, तर डाव्या हाताने कुटत होते. ताई आमच्याकडे माझ्या मुलीच्या लग्नासाठी आठवडाभर राहायला आली, तर हेही पाठोपाठ हजर, खलबत्ता पिशवीत! आमच्या स्वयंपाकघरात शिरून बायकोचा चहा करू लागले. माझी बायको फणकारली, "माझ्या हातचा चहा यांना चालत नाही का?" मला तर वेगळीच शंका आली. वाटलं, हा माणूस तिला काही मंतरलेलं पाजतो. तिला वळवलं, ते याच चहाने. पुढे एकदा मी त्यांना नाशिकरोडच्या एका मेडिकलमधून बाहेर पडताना पाहिलं. घराशेजारी औषधांची दुकानं ओळीने उभी असताना इतक्या लांब कशाला? म्हटलं, यांना स्वतःलाच काही तरी झालंय आणि लपवतायत. त्यांनी मला बघितलं, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि गावाकडच्या पाऊसपाण्याची चौकशी केली.

गुरुवारच्या वर्गात एक चमत्कार मात्र ते कधीच घेत नसत. आगीत आणि पाण्यात पडणाऱ्या मुलाला त्याचा बाप येशूकडे घेऊन येतो तो. एकदा कोणीतरी तोच भाग काढा म्हणालं. ताई उठून आत गेली. दाजी फळ्याकडे वळले, पण या वेळी नकाशा काढण्यासारखं काही नव्हतं. "मुलाला फेफरं होतं," ते म्हणाले. "आजही असतं. औषधानं आटोक्यात राहतं." मग म्हणाले, "पण मला त्या बापाचं नवल वाटतं. तो म्हणतो, माझा विश्वास आहे, आणि त्याच दमात म्हणतो, तो कमी पडतोय, तेवढं सांभाळून घ्या..." आणि तिथेच त्यांनी शास्त्र मिटलं. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

दफनविधी त्याच दिवशी संध्याकाळी झाला. त्यांना मूलबाळ नाही, म्हणून मी आणि बायको ताईजवळ राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठून चहा टाकायला गेलो. साखरेच्या डब्याशेजारी खलबत्ता होता, त्यात पांढरी भुकटी चिकटलेली, आणि मागे मेडिकलचं कागदी पाकीट. वर लिहिलेलं, सकाळी एक, संध्याकाळी एक. आत त्याच जुन्या गोळ्या. ताईने फेकल्या होत्या त्याच.

सगळं एका क्षणात जागेवर बसलं, आणि मला दाजींचा असा राग आला की ते समोर असते तर मी त्यांची कॉलर धरली असती. इतकी वर्षं! प्रार्थना करणाऱ्या माणसाने बायकोला चहातून फसवलं, तिला साक्षी देऊ दिल्या. आणि त्या रागातच लक्षात आलं की कालपासून ताईच्या पोटात गोळी गेलेली नाही. डॉक्टरांचं ते बजावणं कानात वाजू लागलं. आता सांगावं, तर एका दिवसात तिचा नवराही जाणार आणि तिचा देवाने केलेला चमत्कारही. आणि खरं कळल्यावर ती हट्टाला पेटून गोळी घेणार नाही ती नाहीच. न सांगावं, तर दाजींनी केलं तेच मी करायचं. ज्याने आयुष्यभर कोणाचा खोटा माल पास केला नाही, त्याने! शेवटी खलबत्ता ओढला, गोळी टाकली, कुटली. वर दोन वेलदोडे कुटले आणि पिवळ्या दांड्याचा कप घेऊन बाहेर आलो.

ताई खिडकीशी बसली होती. तिने एक घोट घेतला. कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वेलदोडा लय कमी पडला रे. ते आलं पण ठेचून घालायचे, नाय तर कडू लागतं." मग शांतपणे म्हणाली, "आता कुटत नको बसू. सरळ दे पाण्यासंगं."

"ताई... तुला माहीत होतं?"

"मला काय जीभ नाय का? पहिल्या आठवड्यातच कळलं."

"मग साक्ष कशी द्यायचीस?"

"प्रभूनं मला बरं केलं, एवढंच म्हणायचे मी. कसं केलं, ते कधी बोलले का?" अगदी दाजींच्या वर्गातलं वाक्य वाटावं असं ती बोलली. "आधी राग आला होता मला. म्हटलं, कप फेकून द्यावा. मग स्वयंपाकघराकडं बघितलं, तर ते दाराआडून बघत उभे. हात जोडलेले. चहा पिते की नाय म्हणून प्रार्थना करत होते रे... मग प्याले."

"पण त्यांना सांगायचंस ना नंतर!"

"सांगितलं असतं तर त्यांनी चहा करायचं सोडलं असतं," ती म्हणाली, आणि आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच ती रडली.

याला आता काही आठवडे झाले. डॉक्टरांना भेटून आलो. ते म्हणाले, सर नेमाने येऊन विचारून जायचे. ताई आता गोळी पाण्याबरोबर घेते. आणि माझ्या मनात नवा संशय वळवळू लागला आहे. ते पाकीट लपवलेलं नव्हतंच. ज्या स्वयंपाकघरात ताई दिवसभर वावरते, तिथे साखरेच्या डब्यामागे, हात घातला की लागेल असं ठेवलेलं होतं. ताई म्हणते, अलीकडे कपाच्या तळाशी गोळीचे तुकडे तसेच राहायचे. तिला ठाऊक आहे हे दाजींना ठाऊक होतं का? साक्षीच्या वेळी मान खाली घालून ते शरमत होते, की गालात हसत होते? हे तपासायला आता माझ्याकडे कुठलंच माप नाही. मला त्यांची फार आठवण येते. ते असते तर मी त्यांना पुन्हा कोपऱ्यात गाठलं असतं, आणि त्यांनी मला पुन्हा चहाच विचारला असता.

रविवारी उपासना सुटायच्या वेळेला मी शरणपूर रोडला जातो. खलबत्ता घासून स्वच्छ केलेला असतो. त्यात वेलदोडे कुटतो, आलं ठेचतो आणि पिवळ्या दांड्याचा कप ताईपुढे ठेवतो. ती एक घोट घेते आणि म्हणते, "कडू नाय लागत." मग कप तसाच हातात धरून ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसते.