घरट्यावरून उचललेले मासे

सबीहाला — माझ्या बायकोला — सौदीतल्या तबूकमधलं माझं सगळं ठाऊक आहे. नायफचं सोडून. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. आज तुम्हाला का सांगतोय? खरंच माहीत नाही.

मी मूळचा दापोलीचा, शिक्षण मत्स्यशास्त्राचं. तबूकबाहेरच्या एका फार्मवर तळी सांभाळायचो. मालकाने हौसेनं अमेरिकी बास मासे आणले होते, आणि त्यांना खायला म्हणून ब्लूगिल — छोटे, चपटे मासे. बासची पहिली पिल्लं कधी दिसतात याची तो वाट बघत होता. निताकतच्या सरकारी नियमाचे दिवस. आपल्या माणसाच्या जागी सौदी माणूस बसवायचा, सगळीकडे तेच चाललेलं. माझ्या जागेसाठी आला तो नायफ. आणि त्याला शिकवायचं कुणी? मीच.

तो चांगला होता, हे आधी सांगतो. तिशीचा, दोन लेकरांचा बाप, मला 'उस्ताद' म्हणायचा. जबडा डोळ्याच्या मागपर्यंत गेला की मोठ्या तोंडाचा बास, पाठीवरच्या काटेरी आणि मऊ परांमध्ये खोल खाच — हे त्याला चटकन जमलं. बास आणि ब्लूगिल एकाच कुळातले, हे ऐकून हसला होता.

"म्हणजे चुलतभाऊ? आणि एकमेकांना खातात?"

"खातात," मी म्हटलं.

एक गोष्ट मात्र मी शिकवली नव्हती. बासचा नर तळाच्या खडीत शेपटीनं खळगा करतो. मादी त्यात अंडी घालून निघून जाते. नर तिथेच थांबतो — खात नाही, हलत नाही, कुणाला जवळ येऊ देत नाही. का नाही शिकवली? विसरलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

त्या सकाळी नायफ ऑफिसात आला. "उस्ताद, काही बास एकाच जागी थांबलेत. खात नाहीत, हात घातला तरी पळत नाहीत. आजारी असतील का?"

"असतील," मी म्हटलं. "काढून टाकीत ठेव."

तो कमरेइतक्या पाण्यात उतरला. एकेक नर जाळीत अलगद घेत होता. मी खिडकीतून बघत होतो. थांबवायला एक हाक पुरली असती — नाही का?

संध्याकाळी मालक आला तेव्हा खळगे रिकामे होते. ब्लूगिलनी अंडी संपवली होती.

"याला नर काढायला तू सांगितलंस?" मालकाने मला विचारलं.

नायफ माझ्याकडे बघत होता. मी "नाही" म्हटलं. मग तो म्हणाला, "चूक माझी आहे." महिना संपता संपता त्याला काढलं. माझा इकामा, तिथे राहण्याचा परवाना, पुन्हा वाढला.

इथवरचं कदाचित सबीहाला सांगता आलं असतं. नोकरी जाईल म्हणून घाबरलो, तोंडून निघून गेलं — असं म्हणता आलं असतं. पण मधला एक तुकडा मी आत्ता तुमच्यापासूनही लपवला.

नर काढून होताच नायफ धावत माझ्याकडे आला होता. कपडे ओले, दम लागलेला. "उस्ताद, छोटे मासे खळग्यांत घुसलेत. काहीतरी खातायत. यांना परत सोडू का?"

त्याने ओळखलं होतं. मी न शिकवता. टाकी तळ्याला लागूनच होती, नर जिवंत होते, अजून वेळ होता. मी चहाचा पेला खाली ठेवला आणि शांतपणे म्हटलं, "नको. औषध देऊन बघू."

तेव्हा मी घाबरलेलो नव्हतो. विचार करून बोललो होतो.

पुढच्या वसंतात त्या तळ्यात पिल्लं झाली. मालकाने पाहुण्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी हसलो, "शुक्रन" म्हटलं, आणि त्यांना पिल्लं दाखवायला पुढे झालो.